रोडकीचं बी

डॉक्टर उद्धवराव रोज सकाळी नत्थुजींच्या उजव्या हातावर जांभळ्या पेन्सिलीनं एक रेघ मारायचे. सुजेची लाली जिथवर चढलेली असेल तिथं रेघ. दुसऱ्या दिवशी लाली रेघेखाली उतरली तर हात राहणार, रेघ ओलांडून वर गेली तर कापावा लागणार. हिशेब इतका सरळ की तानुबाईंना तो पहिल्याच सकाळी कळला, आणि ती माउली नवऱ्याच्या तोंडाकडे बघायचं सोडून हाताकडेच बघत बसली.

सगळं झालं ते बाभळीच्या एका काट्यानं. कापसाच्या पहिल्या वेचणीआधी वावरात दहीभात ठेवून पूजा करतात, सीतादही म्हणतात तिला. तिच्या आदल्या दिवशी नत्थुजी धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, कुंपण नीट करत होते. काटा तळहातात घुसला, अर्धा निघाला, अर्धा आतच मोडला. त्यांनी वर हळद दाबली, फडकं गुंडाळलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच हातानं बियाण्याची पहिली बोंडं वेचली. न वेचून चालणार कसं? नांदगाव खंडेश्वराच्या आसपास बियाण्याचं बोंड निवडायचं म्हटलं की लोक नत्थुजींनाच बोलवायचे. अंगठा आणि दोन बोटं यांच्यात बोंड धरायचं, जरा दाबायचं, आणि 'हे ठेव, हे फेक' म्हणून मोकळं व्हायचं. टपोरं बोंड त्यांच्या हाताला अंधारातही सापडायचं म्हणे. त्या हाताला आठवडाभरात अशी सूज आली की मूठ वळेना.

अमरावतीच्या डॉक्टरांनी बघितल्या बघितल्या सांगितलं, कापा. खुशालराव 'बघतो' म्हणाला आणि बापाला घेऊन अकोल्याला आला. तो नत्थुजींचा एकुलता एक मुलगा, घराण्यात पहिला शिकलेला, नागपूरहून बी.एस्सी. होऊन अमरावतीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर झालेला. अकोल्याला येताना त्यानं बरोबर बापाचं गाठोडं आणलं, आईला आणलं, आणि पेंढ्यात बसवलेल्या बाटल्यांची एक पेटी आणली. बाटल्यांत पिवळट, आंबूस वासाचं पाणी होतं. त्या पाण्यावर त्यानं बापाचा हात पणाला लावला होता.

आता हे पाणी काय होतं ते सांगायला पाहिजे. पेनिसिलिनचं नाव लढाईच्या दिवसांत सगळ्यांच्या कानावर आलं होतं. लढाई संपून वर्ष उलटलं तरी वऱ्हाडापुरतं ते औषध वर्तमानपत्रातच होतं. मुंबईला तार करावी, तर साठा नाही, नंबर लावा, असं उत्तर यायचं. पू झालेल्या हातानं माणसानं नंबर लावून बसायचं, असा तो सगळा मामला. तेव्हा खुशालचे प्रोफेसर रविकांत म्हणाले, बुरशीपासूनच होतं ना ते औषध? मग आपण बुरशी वाढवू. वकिलाच्या घरातला माणूस, जिभेला तिखट आणि कामाला चिकट. एकदा धरलं की सोडायचं नाही.

बुरशी मिळाली तीही खुशालच्याच घरची. गोठ्यात गुरांसाठी ठेवलेली सरकीची ढेप, म्हणजे पेंड, भिजून तिच्यावर निळी-हिरवी बुरशी चढली होती. तानुबाई ती उकिरड्यावर टाकायला निघाल्या, तर यानं कागदात बांधून अमरावतीला नेली. पुढे कितीतरी दिवस तानुबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "शिकून शिकून पोट्टा ढेपीची बुरशी घेऊन गेला बाप्पा." पण त्या बुरशीत औषध होतं. फारच थोडं, पण होतं. ढेपीच्या पाण्यात दुधाची निवळ घालून, चपट्या बाटल्या आडव्या ठेवून थंडीच्या दिवसांत ती वाढवायची, आणि आठवड्यानं वरची साय काढून खालचं पाणी गाळून घ्यायचं.

थोडं औषध पुरणार कोणाला? मग रविकांतांनी परदेशी मासिकात एक गोष्ट वाचली. तिकडे बुरशीच्या बीजांवर एक्सरे सोडत होते. किरण लागले की बहुतेक बीजं मरतात. जी जगतात त्यातली बहुतेक बिघडतात. पण लाखात एखादं बीज असं निघतं की त्याचा गुणच पालटतो, मुळच्या बुरशीच्या कितीतरी पट औषध ते करतं, आणि त्याची पुढची पिढीही तसंच करते. एक्सरेचं यंत्र अकोल्याला रविकांतांच्या मामेभावाकडे, म्हणजे याच उद्धवरावांकडे होतं. "माझं यंत्र माणसांची हाडं बघायला आहे, तुमच्या बुरशीचे फोटो काढायला नाही," अशी कुरकुर करत का होईना, त्यांनी काचेच्या नळीतल्या त्या बीजांवर किरण सोडू दिले.

त्यातून जी जगली, त्या प्रत्येक बुरशीची पारख करायची. काचेच्या थाळीत खळीसारखा घट्ट थर ओतायचा, त्यावर पुवातले जंतू पेरायचे आणि मधोमध बुरशीच्या पाण्याचा थेंब ठेवायचा. दुसऱ्या दिवशी थाळी जंतूंनी पांढुरकी होते, आणि पाण्यात औषध असेल तर थेंबाभोवती स्वच्छ रिंगण राहतं. घरच्या बुरशीचं रिंगण शर्टाच्या गुंडीएवढं होतं. एक्सरे खाऊन जगलेल्या एकीचं रिंगण निघालं बंद्या रुपयाएवढं. त्या दिवशी रविकांतांनी कॉलेजच्या आवारात खुशालला मिठी मारली होती, आणि ती बघून पोरं आठवडाभर हसत होती.

पण ही बुरशी दिसायला म्हणाल तर कोणी दारात उभं करू नये अशी. घरची बुरशी हिरवीगार, दाट. ही फिकट, सुरकुतलेली, वाढायला आळशी. खुशालनं तिचं नाव ठेवलं रोडकी. तिची एक नळी त्यानं अकोल्याला उद्धवरावांच्या बर्फाच्या पेटीत ठेवून दिली. "बी एका घरी ठेवू नये," एवढंच कारण त्यानं दिलं. नत्थुजी पेरणीआधी मूठभर बियाणं नेहमी दुसऱ्या गावच्या सोयऱ्याकडे ठेवायचे, घर जळो की उंदीर लागोत, दुबार पेरणी अडायला नको म्हणून. रविकांत म्हणाले, आता बुरशीलाही सोयरे झाले वाटतं. पण अडवलं नाही.

तर अशी ती रोडकी, आणि पेटीतल्या बाटल्यांत तिचंच पाणी.

उद्धवरावांनी बाटली उजेडाकडे धरून हलवली. "हे असलं पाणी माणसाच्या जखमेत सोडायचं, हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, खुशाल. आपलं काम म्हणजे बाप दाखव, नाहीतर श्राद्ध कर." आणि पलंगावर बाप पडलेला बघून त्यांनी जीभ चावली. मग नत्थुजींच्याच जखमेतला पू थाळीवर पेरून त्यांनी पाण्याचा थेंब ठेवला. दुसऱ्या दिवशी रिंगण आलं, चांगलं ठसठशीत, बंदा रुपया. डॉक्टरांनी लगेच हाताला चिरा दिल्या, बारीक रबरी नळ्या बसवल्या आणि पाणी सोडायला सुरुवात केली.

लाली मनगटाच्या चार बोटं वर होती. पुढल्या सकाळी ती रेघेवरच थांबली. त्याच्या पुढल्या सकाळी रेघेखाली उतरली. तानुबाईंनी पदराचं टोक तोंडात धरलं आणि कितीतरी दिवसांनी नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. लाली मनगटापर्यंत आली तेव्हा नत्थुजींनी स्वतःहून भाकर मागितली.

"हे पाणी अजून आठवडाभर मिळालं तर हात वाचला म्हणून समज," उद्धवराव म्हणाले. "पण ही शेवटची बाटली आहे. दुसरी खेप कधी?"

"तयार हाय. आजच आणतो," खुशाल म्हणाला आणि तसाच स्टेशनावर पळाला.

अकोल्याहून बडनेरा, बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावती. कॉलेजच्या मागच्या खोलीचं कुलूप उघडून तो आत शिरला आणि फळीवरच्या बाटल्या बघून जागीच थांबला. बाटल्या अशा आल्या होत्या की नजर ठरेना. वर दाट, जाड, निळी-हिरवी साय, तिच्यावर सोनेरी थेंब. पहिल्या खेपेची फाटकी, फिकट साय कुठं आणि ही कुठं. त्याच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं.

ही पेरणी त्यानंच केली होती, बापाला अकोल्याला न्यायच्या दिवशी, अगदी घाईत. रविकांत नागपूरला विद्यापीठाच्या कामाला गेले होते, खोलीत तो एकटा. रोडकीच्या नळीत एका कोपऱ्याला हिरवागार ठिपका उठला होता, बाकी सगळी नेहमीसारखी फिकट. त्याला वाटलं, रोडकीनं बाळसं धरलं. सुई हातात होती ती आपोआप त्या हिरव्या ठिपक्याकडेच गेली. विचार करायचं कारणच नव्हतं. लहानपणापासून बापाच्या मांडीला मांडी लावून बोंडं निवडलेला हात तो. जोमदार घ्यायचं, रोगट फेकायचं, हे त्या हाताला शिकवावं लागत नव्हतं. एवढ्याशा ठिपक्यातून त्यानं सगळ्या बाटल्या पेरल्या आणि जुनी नळी रीतीप्रमाणे उकळत्या पाण्यात टाकली.

आता नेमानं बघितलं तर पाणी गाळल्यावर थाळी लावायला पाहिजे होती. थाळीला एक दिवस लागतो. तिकडे अकोल्यात शेवटची बाटली संपत आली होती, आणि गाडी सुटायला थोडाच वेळ होता. खुशालनं थाळ्यांकडे बघितलं, बाटल्यांकडे बघितलं. अशी भरदार बुरशी. हिला पारखायचं ते काय? त्यानं पाणी गाळलं, बाटल्या पेंढ्यात बसवल्या आणि टांगा केला.

गाडीत सगळ्या वाटेनं पेटी त्यानं मांडीवरच धरली होती. मूर्तिजापूरला एक ओळखीचे मास्तर भेटले, त्यांनी विचारलं, काय आहे हो पेटीत? हा म्हणाला, "आमच्या बाबांचा हात." मास्तर चपापले आणि पलीकडच्या बाकावर जाऊन बसले.

दवाखान्यात पाय ठेवला तर उद्धवराव नळ्या हातात घेऊन वाटच बघत होते. "थाळी लावलीस?"

"टाइम नवता, डॉक्टरसाहेब. पण बुरशी अशी आलीये की मी आजवर पाहिली नाही. पहिलीपेक्षा सरस."

पहिलं पाणी संपून गेलं होतं, जखमेत सोडायला काही उरलं नव्हतं. डॉक्टरांनी आपल्या समाधानासाठी जंतू पेरलेल्या थाळीवर एक थेंब ठेवला आणि बाटली नळीला लावली.

नत्थुजींनी डोळे उघडले. "काऊन रे, एवढा काऊन धापून राहिला?"

"गाडी पकडाची होती."

"कशी आली तुही बुरशी?"

"गच्च आली बाबा. हिरवीकंच."

"मंग झालं," नत्थुजी म्हणाले. "बी कसं हाय ते डोयाले दिसते." आणि समाधानानं डोळे मिटले.

दुसऱ्या सकाळी उद्धवराव पेन्सिल घेऊन आले आणि रेघ न मारताच हात धरून उभे राहिले. लाली मनगट ओलांडून वर आली होती. त्यांनी खुशालला बाहेर यायची खूण केली. खुशाल मागोमाग व्हरांड्यात आला.

"पहिल्या खेपेसारखंच पाणी आहे ना हे?" डॉक्टरांनी विचारलं. "त्याच बुरशीचं?"

"त्याच."

"मग हे बघ." त्यांनी खिडकीतली थाळी त्याच्या हातात दिली.

थाळी पांढुरकी झाली होती. थेंबाभोवती रिंगण होतं. शर्टाच्या गुंडीएवढं.

खुशालला सगळं एकदमच समजलं. रोडकीनं बाळसं धरलं नव्हतं. कोपऱ्यातला तो हिरवा ठिपका म्हणजे रोडकी नव्हतीच. किरणांनी दिलेला गुण टाकून पुन्हा जुन्या वळणावर गेलेली घरची बुरशी होती ती. औषध करण्यात रोडकीची सगळी ताकद जाते, म्हणून तर ती रोड. जिला ते ओझं नाही ती फोफावणारच. आणि त्यानं नेमकी फोफावलेली उचलली, आणि औषध करणारी उकळत्या पाण्यात टाकली. शिकलेल्या पोराला एवढं कळू नये? त्यानं स्वतःलाच एक शिवी घातली, मोठ्यानं, आणि उद्धवरावांनी ती ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

दुपारच्या गाडीनं रविकांत आले. नागपूरहून परत येताच त्यांना तार मिळाली होती. खुशालनं त्यांना सगळं सांगितलं, हिरवा ठिपका, सुई, उकळलेली नळी, न लावलेली थाळी. माणूस तिखट, आता आपली सालटी काढणार, असं त्याला वाटलं. रविकांतांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि म्हणाले, "तुझी अकोल्याची नळी आहे ना?" ते रागावले असते तर बरं झालं असतं.

नळी होती. बर्फाच्या पेटीत, इंजेक्शनांच्या डब्यामागे, कापसाचं बूच तसंच. रोडकी आत तशीच बसली होती, फिकट, सुरकुतलेली, कोणाच्या अध्यात ना मध्यात. तिला बघून खुशालच्या डोळ्यांत पाणी आलं. पण पेरून पाणी व्हायला आठवडा लागणार होता.

"आठवडा थांबा, डॉक्टरसाहेब," तो म्हणाला. "हे पाणी आलं की लाली उतरेन. पहिल्या खेपेले उतरली होती, तुमी पाहिलं."

"पी हळद अन् हो गोरी, असं आहे का हे?" उद्धवरावांचा आवाज चढला. "मी थांबतो रे. ती लाली थांबणार आहे का? तिला विचार जाऊन. दोन दिवसांत कोपर गाठेल, मग मी खांद्यापासून कापायचं?"

उद्धवरावांनी आत जाऊन नत्थुजींना सांगितलं, तसंच सरळ. तानुबाई पलंगाच्या पायाशी बसल्या होत्या, त्यांनी आपलं तोंड पलंगाच्या गादीत खुपसलं. नत्थुजींनी सुजलेला अंगठा बोटांकडे आणून बघितला. तो टेकेना.

"डाक्तरसायेब, कोठून जाते?"

"कोपराच्या खाली."

"मंग कापा बाप्पा. उद्या खांदा मागसान."

हात गेला. खुशाल बाहेरच्या बाकावर बसला होता. आत हत्यारांची, भांड्यांची खडखड झाली ती त्यानं सगळी ऐकली, उठून गेला नाही.

त्याच संध्याकाळी त्यानं आणि रविकांतांनी दवाखान्याच्या मागच्या खोलीत पेरणी केली. अकोल्याच्या बाजारातून ढेप आणली, गवळ्याकडून दूध आणून निवळ काढली, औषधांच्या रिकाम्या चपट्या बाटल्या उकळून घेतल्या. नळीत सुई घालताना खुशालनं ती दोनदा बाहेर काढली. रविकांत म्हणाले, "मी करू?" हा म्हणाला, "नाही सर, मलेच करू द्या." आणि त्यानं सगळ्यांत फिकट जागा शोधून तिथली बीजं उचलली. हात मागे ओढत होता, त्यानं तो पुढे रेटला.

पण संकट एकटं येत नाही. कापल्यावर चार दिवस बरे गेले, आणि मग टाके लाल झाले. ताप चढला. नत्थुजी भलतंच बोलू लागले, कधी बैलांना हाका मारत, कधी बोंडं मोजत. उद्धवरावांनी पुन्हा जांभळी पेन्सिल काढली. आता रेघ कोपराच्या वर होती. कापायला आता खालचा हात उरलेला नव्हता, आणि हे सांगायची कोणाला गरज पडली नाही.

खुशाल बाटल्यांपुढे बसून असे. रोडकी आपल्या चालीनं वाढत होती, म्हणजे वाढतच नव्हती म्हणा. घाई कर गं माय, असं तो तोंडानं म्हणायचासुद्धा. एका बाटलीत सायीच्या कडेला हिरवा ठिपका उठला, छान, तजेलदार. पूर्वीचा खुशाल हरखला असता. आताच्या खुशालनं ती आख्खी बाटली उचलली आणि उकळत्या पाण्यात घातली.

बाकीच्या बाटल्यांचं पाणी गाळलं तेव्हा रेघ काखेजवळ आली होती. उद्धवराव नळी घेऊन तयार होते. "दे इकडे."

"थाळी लावतो," खुशाल म्हणाला.

"अरे, वेळ आहे का आपल्याकडे?"

"थाळी लावल्याबिगर नाही देत."

रविकांत मध्ये पडले. त्यांनी थाळी लावायची आणि तोवर एक बाटली द्यायची, असं ठरवलं. पाणी कमजोर असलं तरी अपाय तर करत नव्हतं. दुसऱ्या सकाळी तिघंही आधी खिडकीपाशी गेले, मग पलंगाकडे. थाळीत रिंगण होतं, बंद्या रुपयाएवढं. पलंगावर लाली रेघेवर थांबली होती. त्याच्या पुढल्या सकाळी ती रेघेखाली उतरली, आणि मग उतरतच गेली. उद्धवराव रोज रेघ मारत, आणि रोज ती हाताच्या थोट्याकडे सरकत होती.

नत्थुजी वाचले. तानुबाईंनी त्या दिवशी पहिल्यांदा रविकांतांशी बोलायचं धाडस केलं. "तुमची बुरशी देवासारकी आली जी," म्हणाल्या. रविकांतांनी खुशालकडे बोट केलं. खुशाल उठून बाहेर गेला.

घरी जायच्या आदल्या दिवशी नत्थुजी व्हरांड्यात उन्हाला बसले होते. उजवी बाही रिकामी, टाचणीनं वर टाचलेली. गावाकडून निरोप आला होता, वेचणी अर्धी झाली, पण बियाण्याची उरलेली ओळ तशीच ठेवली आहे, तुमी आल्याबिगर हात लावणार नाही.

"त्याईले सांग," नत्थुजी खुशालला म्हणाले, "यंदाचं बी खुशाल निवडीन. तुया हातात माही नजर हाय बाप्पा. माहा हात गेला तरी घरातली नजर नाई गेली."

खुशालला ते ऐकवलं नाही. इतके दिवस तो घरच्यांना काही बोलला नव्हता, आईलाही नाही. "बाबा, त्या नजरेनंच तुमचा हात गेला," तो म्हणाला, आणि मग एकदा सुरू झालं ते सगळंच सांगितलं. बापाला समजेल अशा शब्दांत, बियाण्याच्या भाषेत. मग आत जाऊन दोन नळ्या घेऊन आला. एकीत हिरवीगार, भरदार बुरशी. दुसरीत रोडकी.

"या दोईतली कोणती घेतली असती तुमी?"

नत्थुजींनी डाव्या हातानं एक नळी उचलली, ठेवली, दुसरी उचलली. डावा हात अजून अवघडत होता. त्यांनी हिरवीवर बोट ठेवलं. "हे. आंधया बी हेच घेईन."

"म्या बी हेच घेतली."

तानुबाई तांदूळ निवडत होत्या, त्यांचा हात सुपावर थांबला. नत्थुजींनी रोडकी डोळ्यांजवळ नेली.

"अन् औषिद इच्यात हाय?"

"हो."

"दिसत तं नाई."

"दिसतच नाई बाबा. पारखावं लागते."

"मंग पारखलं काऊन नाई?"

गाडी होती, घाई होती, बाटली संपली होती, हे सगळं खरं होतं आणि त्यातलं काही खुशालच्या तोंडातून निघेना.

"पेरणीच्या आधी मी काय करतो?" नत्थुजी म्हणाले. "मूठभर बी ओल्या फडक्यात बांधून ठेवतो. कोंब आला तं पेरतो, नाई तं नाई. बी कितीबी टपोर असो. ते फडकं सोडून पाहाचं काम कोनाचं होतं लहानपनी?"

"माहं."

"मंग?" नत्थुजींचा आवाज चढला नव्हता, पण त्यात माया नव्हती. "निवड चुकली ते माही चूक. म्याच शिकवलं तुले. न पाहाता पेरलं, ते तुही."

खुशाल मान खाली घालून रडला, बापासमोर, आईसमोर, आवाज न करता. कोणी त्याला उगी केलं नाही. नत्थुजी म्हणाले, "जाय आता तू पुढं, आमी उद्या येतो. गाडीचा टाइम झाला. बियाची वळ तूच वेच. अन् या रोडकीले दोन घरी ठेव, एका घरी नको ठेवू."

त्यांनी फिकट नळी त्याला परत दिली. हिरवी मात्र दिली नाही. ती डाव्या हातात धरून, उन्हाकडे करून ते तिच्याकडे बघत बसले.